शिकाऱ्याच्या हातची चित्रे : विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस आणि दक्षिण आफ्रिकेतील वन्यजीव

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेत आणि आशियात मोठ्या जनावरांच्या मागावर हिंडणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांनी आपल्या मोहिमांवर जी रेखाटने केली, त्यांच्याकडे आजवर बहुतांशी प्रवासवर्णनांची सजावट म्हणूनच पाहिले गेले आहे. मोठी शिकार म्हणजे हत्ती, गेंडा, पाणघोडा, रानरेडा, सिंह, वाघ, जिराफ आणि मोठ्या बांध्याचे मृग यांची शिकार. ससे, तितर, बदके यांच्या शिकारीपासून ती वेगळी मानली जाई आणि वसाहतीतील गोऱ्या अधिकाऱ्याच्या प्रतिष्ठेत तिला मोठे स्थान होते. अशा शिकारीतून शिंगे, कातडी आणि सुळे मिळत, जे दिवाणखान्यात किंवा संग्रहालयात जाऊन बसत. वर्णनाचा एखादा ग्रंथ तयार होई, आणि शिकाऱ्याच्या हाती पेन्सिल असेल तर चित्रेही. शिंगांचा आणि ग्रंथांचा अभ्यास पुष्कळ झाला, परंतु चित्रे मात्र ग्रंथाच्या पानांत बंद राहिली. वास्तविक ज्या प्रदेशातील जनावरे पुढच्या पन्नास-साठ वर्षांत नाहीशी झाली, त्या प्रदेशाच्या बाबतीत ही चित्रे म्हणजे पुराव्याचा मोठा ठेवा आहे. तो ज्या कृतीतून निर्माण झाला ती कृतीच त्या विनाशाचा भाग होती, आणि म्हणूनच हा पुरावा वाचण्याची रीत नीट ठरवून घ्यावी लागते.

प्रस्तुत विवेचनासाठी विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस याची चित्रे मध्यवर्ती मानली आहेत. हॅरिस हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अभियंता अधिकारी. १८०७ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात त्याचा जन्म झाला, सोळाव्या वर्षी तो मुंबई इलाख्याच्या अभियंता दलात रुजू झाला, आणि पुढे खानदेशात व डीसा येथे त्याने कार्यकारी अभियंता म्हणून काम केले. खानदेशातील सातपुड्याच्या पायथ्याचे रान त्या काळी वाघ, अस्वल, नीलगाय यांच्यासाठी ख्यात होते, आणि कंपनीच्या नोकरीत मोकळा वेळ मिळणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला शिकारीची चटक लागण्यास तेवढे पुरेसे होते. १८३६ साली प्रकृतीच्या कारणावरून वैद्यकीय मंडळाने त्याला केप ऑफ गुड होप येथे रजेवर पाठविले. सुएझचा कालवा होण्यापूर्वीच्या त्या काळात हिंदुस्थानातील आजारी अधिकाऱ्यांनी हवापालटासाठी केपला जाण्याचा प्रघातच होता. हॅरिसने मात्र या रजेचा उपयोग विश्रांतीसाठी केला नाही. जहाजावर भेटलेल्या, मुंबईच्याच मुलकी सेवेतील रिचर्डसन नावाच्या सहप्रवाशाला बरोबर घेऊन त्याने बैलांनी ओढायच्या मोठ्या वाघिणींतून, म्हणजे छप्पर घातलेल्या लांब गाड्यांतून, आफ्रिकेच्या अंतर्भागात मकरवृत्तापर्यंत जाण्याचा बेत आखला आणि १८३६-३७ मध्ये तो पार पाडला.

या मोहिमेचे वर्णन प्रथम छापले गेले ते लंडनला नव्हे. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसने १८३८ साली ते प्रसिद्ध केले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या छापखान्याचे स्थान वाचकांना ठाऊक आहेच. मराठी शालेय आणि धर्मविषयक पुस्तके तेथे छापली जात होती, आणि पुढे निर्णयसागर उभारणारे जावजी दादाजी लहान वयात याच छापखान्यात कामाला लागले. दक्षिण आफ्रिकेतील शिकारीच्या आद्य ग्रंथांपैकी एक ग्रंथ मुंबईत छापला जावा, यात योगायोग कमी आणि साम्राज्याची रचना अधिक दिसते. केप, मुंबई आणि लंडन ही एकाच जाळ्याची टोके होती. माणसे, बंदुका, चामडी आणि कागद या जाळ्यातून सतत फिरत असत. १८३९ मध्ये लंडनला या वर्णनाची नवी आवृत्ती निघाली, आणि १८४० मध्ये हॅरिसने ज्यासाठी खरा अट्टाहास केला होता तो मोठ्या आकाराचा चित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतील शिकारीच्या व अन्य वन्य प्राण्यांची, त्यांच्या मूळ वसतिस्थानी प्रत्यक्ष जिवंत पाहून काढलेली चित्रे, असा दावा त्या ग्रंथाच्या शीर्षकातच केलेला आहे. हातांनी रंगविलेले तीस चित्रफलक आणि प्रत्येक प्रकरणाशी जोडलेली लहान रेखाचित्रे असे त्याचे स्वरूप आहे.

हॅरिसपूर्वी अशी चित्रे नव्हती असे नाही. बंगाल लष्करातील कॅप्टन थॉमस विल्यमसन याच्या माहितीवरून आणि आराखड्यांवरून तयार झालेला, हिंदुस्थानातील शिकारीच्या चाळीस रंगीत चित्रांचा ग्रंथ १८०७ मध्ये लंडनला पूर्ण झाला, आणि हत्तीवरील हौद्यात बसून वाघावर गोळी झाडणाऱ्या साहेबाची जी प्रतिमा पुढे शंभर वर्षे चालत राहिली तिचा उगम बऱ्याच अंशी त्या ग्रंथात आहे. परंतु ती चित्रे प्रत्यक्ष काढणारा सॅम्युएल हाउइट हा चित्रकार हिंदुस्थानात कधीही आलेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत सॅम्युएल डॅनियल हा अधिक प्रामाणिक पूर्वसूरी म्हणता येईल. वेरूळच्या लेण्यांच्या चित्रसंग्रहामुळे ज्या थॉमस डॅनियलचे नाव महाराष्ट्रात परिचित आहे, त्याचा हा पुतण्या. १८०१-०२ मध्ये तो एका सरकारी मोहिमेबरोबर केपच्या उत्तरेला गेला आणि १८०४-०५ मध्ये त्याने तेथील दृश्यांचा व प्राण्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या चित्रांत प्राणी आपापल्या भूमीवर शांतपणे उभे असतात. शिकार तेथे नाही असे नाही, पण ती चित्राचे प्रयोजन नाही.

या संदर्भात पुण्यातील एका चित्रकाराचा उल्लेख टाळता येत नाही. गंगाराम तांबट यांनी १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातील, म्हणजे दरबाराने पाळलेल्या जनावरांच्या संग्रहातील, गेंड्याचे चित्र काढले; ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने काम करणाऱ्या या मराठी कलावंताने गेंडा पाहिला तो बंदिस्त, परंतु जिवंत. प्राणी पुन्हा पुन्हा पाहता येणे, त्याने मान वळविली की थांबणे, दुसऱ्या दिवशी परत जाऊन चूक सुधारणे, ही सोय तांबटांना होती. मोकळ्या रानातील प्राणी असा वेळ देत नाही. हॅरिसच्या समोर हाच प्रश्न होता, आणि त्याने दिलेले उत्तर त्याच्या प्रत्येक चित्राच्या मुळाशी आहे: त्याने प्राणी मारून चितारले.

हॅरिसच्या काळी बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासून बसवायची, आणि प्रत्येक बारानंतर हे सारे पुन्हा करायचे. हत्ती-गेंड्याची जाड कातडी भेदण्यासाठी शिशात कथील मिसळून गोळी कठीण केली जाई. एका गोळीत जिराफ किंवा हत्ती पडणे दुर्मीळ होते. घोड्यावरून मैलोगणती पाठलाग करून, पुन्हा पुन्हा गोळ्या झाडून, रक्तस्रावाने थकवून जनावर पाडावे लागे. हॅरिसने केलेले जिराफाच्या शिकारीचे वर्णन याच प्रकारचे आहे, आणि आजच्या वाचकाला ते सहन होणे अवघड जाते. जनावर पडल्यानंतर मात्र त्याच शिकाऱ्याची भूमिका बदलत असे. तो खांद्याची उंची मोजी, शिंगांची लांबी आणि टोकांमधील अंतर नोंदवी, डोळ्याचा रंग फिका पडण्यापूर्वी टिपून घेई, खुरांचा आणि नाकपुड्यांचा आकार काढी, आणि उन्हात मांस कुजण्यापूर्वी रेखाटन पुरे करी. त्याच्या चित्रफलकांत शिंगांच्या वलयांची आणि मानेच्या केसांच्या वळणाची जी अचूकता दिसते, ती जवळून आणि निवांतपणे पाहिल्याशिवाय येत नाही. आणि इतक्या जवळून, इतक्या निवांतपणे प्राणी पाहता येई तो मेल्यावरच.

यामुळे शीर्षकातील दावा खोटा ठरतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. हॅरिसचा रोष होता तो युरोपातील त्या चित्रांवर, जी पेंढा भरून वाकड्यातिकड्या झालेल्या कातड्यांवरून किंवा पिंजऱ्यात रोडावलेल्या जनावरांवरून काढली जात. त्यांच्या तुलनेत त्याने जिवंत कळप पाहिले होते, त्यांची चाल, उभे राहण्याची ढब, धावताना मान खाली घालण्याची लकब टिपली होती, आणि कोणता प्राणी कोणत्या गवतात, कोणत्या झाडाखाली, कोणाच्या सोबतीने आढळतो हे त्याला माहीत होते. त्याचा प्रत्येक चित्रफलक म्हणून दोन प्रकारच्या निरीक्षणांची जोडणी आहे: शरीराचा तपशील मृत जनावराचा, आणि ढब व परिसर जिवंत कळपाचा. चित्रात जो प्राणी डौलाने उभा आहे तो बहुधा काही तासांपूर्वी पाडलेला असे, आणि कागदावर त्याला पुन्हा उभे करण्याचे काम स्मृतीने केलेले असे. ही जोडणी इतकी सफाईदार आहे की सांधा दिसत नाही. अभ्यासकाने तो सांधा शोधला पाहिजे.

काळ्या सेबल मृगाचे चित्र या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. डिसेंबर १८३६ मध्ये, हॅरिस ज्यांना काशान पर्वत म्हणतो त्या, आज मॅगालीसबर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगररांगेच्या परिसरात त्याला एक अपरिचित कळप दिसला. हा प्राणी कुरंगांच्या गटातला. सांबर आणि चितळ यांची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट, चिंकारा आणि नीलगाय यांची शिंगे पोकळ असतात व जन्मभर टिकतात, आणि या दुसऱ्या प्रकारच्या मृगांना कुरंग म्हणतात. पूर्ण वाढलेला सेबल नर चकचकीत काळा, पोटाखाली पांढराशुभ्र, आणि मागे तलवारीसारखी वळलेली, वलयांकित शिंगे मिरविणारा असतो. हॅरिसने त्यातील एक नर जखमी केला, रक्ताच्या मागावर तीन दिवस राहून त्याला गाठले व मारले. त्याचे कातडे त्याने स्वतः जतन करून लंडनला पोचविले, १८३८ मध्ये त्या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, आणि तो नमुना ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाला. शास्त्रीय नावापुढे वर्णनकर्ता म्हणून आजही हॅरिसचेच नाव लिहिले जाते. ज्या लोकांच्या भूमीवर हा कळप चरत होता, त्यांना तो प्राणी नवा असण्याचे काहीच कारण नव्हते. परंतु शास्त्रात शोध लागला असे मानले जाण्यासाठी नमुना, मोजमाप, चित्र आणि लंडनमधील सभेपुढे वाचलेला निबंध या सर्वांची गरज होती, आणि त्यातील पहिली पायरी बंदुकीची होती. शिकारी आणि प्राणिशास्त्रज्ञ हे त्या काळी दोन वेगळे पेशे नव्हते, ही गोष्ट या एका उदाहरणातून जितकी स्पष्ट होते तितकी ती क्वचितच इतरत्र होते.

हॅरिसच्या लेखनात आणि चित्रांत एक तफावतही आहे, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. मॅगालीसबर्गच्या एका दरीत त्याला हत्तींचा प्रचंड समूह दिसला. दृष्टीच्या टप्प्यात तीनशेहून कमी हत्ती नसावेत असा त्याचा अंदाज होता. येथे त्याने एक हत्तीण मारली. दुसऱ्या दिवशी तिच्या कलेवराजवळ तो गेला तेव्हा तिचे पिलू तिच्याभोवती फिरत होते, तिला उठविण्याचा प्रयत्न करीत होते, आणि माणसे दिसताच ते पुढे येऊन त्याने आपली लहान सोंड हॅरिसच्या पायांभोवती गुंडाळली. त्या वेळी मनात आलेली अपराधाची जाणीव हॅरिसने लपविलेली नाही. ग्रंथातील तो उतारा पुढील अनेक लेखकांनी वारंवार उद्धृत केला आहे. त्यानंतरही त्याची शिकार चालूच राहिली, आणि चित्रफलकावरील आफ्रिकी हत्ती भव्य, निश्चल आणि निरामय आहे. शब्दांना जे सांगता आले ते चित्राच्या चौकटीत मावले नाही, कारण प्राण्याच्या भव्यतेवर शिकाऱ्याची थोरवी अवलंबून होती आणि प्राणिशास्त्राच्या वाचकाला हवा होता जातीचा आदर्श प्रतिनिधी. ज्या हत्तिणीचे पिलू तिच्या शवापाशी उभे राहिले, ती विशिष्ट हत्तीण या दोन्ही प्रयोजनांना निरुपयोगी होती. शिकारचित्रांतील सर्वांत मोठी गाळणी हीच आहे, आणि ती हॅरिसच्या स्वभावापेक्षा त्या चित्रप्रकाराच्या संकेतांमुळे घडलेली आहे.

रेखाटनापासून छापील फलकापर्यंतचा प्रवासही समजून घेणे आवश्यक आहे. हॅरिसची मूळ चित्रे लंडनमध्ये फ्रँक हॉवर्ड या चित्रकाराने दगडावर उतरविली. शिळामुद्रण म्हणजे चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर स्निग्ध खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, आणि मग तेलकट शाई फिरवायची. पाणी असलेल्या भागाला शाई चिकटत नाही, खडूच्या रेषांना चिकटते, आणि कागद दाबला की चित्र उमटते. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड पसरून आम्लाने छटा कोरण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ही रीत चित्रकाराच्या हाताशी अधिक जवळची होती, आणि केसाळ आयाळ, गवताची पाती, ढगांची धूसरता यांना ती विशेष मानवत असे. छापलेला प्रत्येक फलक मग मजुरीवर काम करणारे कारागीर ब्रशाने रंगवीत, त्यामुळे एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत क्वागाच्या, म्हणजे झेब्र्याच्या एका नामशेष प्रकाराच्या, पाठीचा तपकिरी रंग सारखा असेलच असे नाही. लंडनमध्ये बसून दगडावर काम करणाऱ्या हॉवर्डने काही ठिकाणी आकाशाला आणि क्षितिजाला जे नाट्यमय वळण दिले, ते इंग्रजी निसर्गचित्रणाच्या सवयीतून आलेले दिसते. दक्षिण आफ्रिकेच्या वेल्डवर, म्हणजे तेथील विस्तीर्ण गवताळ माळावर, प्रकाश असा मऊ नसतो. म्हणून या फलकांवरून शिंगांची ठेवण निश्चिंतपणे सांगता येईल, परंतु हवामान किंवा ऋतू सांगताना सावध राहिले पाहिजे.

चित्रांतून वगळल्या गेलेल्या गोष्टींत माणसे प्रथम येतात. हॅरिसच्या गाड्या हाकणारे, बैल जुंपणारे, घोडे सांभाळणारे, माग काढणारे आणि मारलेल्या जनावराचे कातडे सोलणारे लोक बहुतेक खोईखोई समाजातील, म्हणजे केपच्या परिसरातील मूळ पशुपालक जमातीतील होते. ग्रंथाच्या मजकुरात ते आळशी, भित्रे किंवा विनोदी पात्रे म्हणून वावरतात. त्यांच्याविषयीची हॅरिसची भाषा अनेक ठिकाणी हीन आहे आणि ती सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. चित्रांत तर ते जवळजवळ नाहीतच, आणि जेथे आहेत तेथे मापासाठी ठेवलेल्या आकृतींसारखे लहान दिसतात. माग काढण्याचे कौशल्य ज्यांचे होते त्यांना चित्रात स्थान नाही, आणि प्राणी मात्र जणू स्वतःहून चित्रकारापुढे येऊन उभा राहिला आहे.

याला एक मोठा अपवाद आहे. हॅरिस ज्या भूमीवर शिकार करीत होता ती भूमी माटाबेले लोकांचा राजा म्झिलिकाझी याच्या सत्तेखाली होती. झुलू राजा शाकापासून फुटून १८२० च्या दशकात उत्तरेकडे आलेल्या या राजाने डोंगराळ प्रदेशात प्रबळ राज्य उभारले होते, आणि त्याच्या परवानगीशिवाय तेथे गोळी झाडणे कोणत्याही गोऱ्या प्रवाशाला शक्य नव्हते. हॅरिस कुरुमान येथील मिशनरी रॉबर्ट मॉफट याच्याकडे थांबून राजाच्या भेटीला गेला, मण्यांसह इतर भेटी त्याने दिल्या, आणि परतताना व्हाल नदीकडील बंद असलेल्या मार्गाने जाण्याची मुभा मिळविली. म्झिलिकाझीचे जे उभे चित्र हॅरिसने काढले, ते या राजाच्या मोजक्या समकालीन चित्रांपैकी एक आहे. या भेटीच्याच सुमारास, ऑक्टोबर १८३६ मध्ये, केपमधून बाहेर पडलेले डच वंशाचे बोअर शेतकरी आणि माटाबेले यांच्यात वेगकोप येथे लढाई झाली; जानेवारी १८३७ मध्ये बोअरांनी मोसेगा येथील माटाबेले वसाहतींवर हल्ला केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस म्झिलिकाझीला लिंपोपो नदीच्या पलीकडे हटावे लागले. हॅरिसने पाहिलेले राज्य त्याचा ग्रंथ मुंबईत छापून होईपर्यंत त्या जागी उरलेले नव्हते. शिकारचित्रांतील निर्मनुष्य रान पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे: ते रान रिकामे नव्हते, त्याला धनी होता, त्याची परवानगी घ्यावी लागत होती, आणि त्याचे हटणे व जनावरांचे संपणे या गोष्टी एकामागोमाग घडल्या.

जनावरांच्या विपुलतेविषयी हॅरिसने जे लिहिले व चितारले, ते अतिशयोक्त वाटण्याजोगे आहे, परंतु त्याला स्वतंत्र पुष्टी मिळते. १८३४ ते १८३६ या काळात त्याच भागात गेलेला डॉ. अँड्र्यू स्मिथ हा काटेकोर निरीक्षक होता, आणि बैलगाड्यांच्या एका दिवसाच्या वाटचालीत, वाट फारशी न सोडता, आपण १०० ते १५० गेंडे पाहिले असे त्याने चार्ल्स डार्विनला सांगितल्याची नोंद डार्विनच्या प्रवासवृत्तांतात आहे. त्याच शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील पांढरा गेंडा नाताळ प्रांतातील उम्फोलोझी नद्यांच्या परिसरात मोजक्या संख्येने शिल्लक होता, आणि १८९५ मध्ये तेथे राखीव क्षेत्र जाहीर झाले म्हणून तो वाचला. मॅगालीसबर्गच्या दऱ्यांतील हत्ती त्याच्या कितीतरी आधी संपले. हा विनाश हॅरिससारख्या हौशी शिकाऱ्यांनी एकट्याने घडविला असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. हस्तिदंताचा व्यापार, कातड्यांची निर्यात, मजुरांना फुकटचे मांस घालण्याची शेतकऱ्यांची पद्धत, कुंपणे, नव्या वसाहतींचा विस्तार आणि स्वस्त होत गेलेल्या बंदुका यांचा वाटा फार मोठा आहे. परंतु हौशी शिकाऱ्यांच्या ग्रंथांनी आणि चित्रांनीच पुढच्या शिकाऱ्यांना वाट दाखविली. १८४० च्या दशकात आफ्रिकेत पाच वर्षे शिकार करून परतलेल्या रोआलिन गॉर्डन-कमिंगने १८५० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि लंडनमध्ये शिंगांचे व कातड्यांचे प्रदर्शन मांडले. त्याच्या लेखनात हॅरिसची मोजमापे घेण्याची शिस्त आढळत नाही, मारलेल्या जनावरांची यादी मात्र लांबत जाते.

शिकाऱ्यांमधूनच पुढे संरक्षणाची भाषा आली, हेही या इतिहासाचे एक अंग आहे. आफ्रिकेतील वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी वसाहतवादी सत्तांनी १९०० साली लंडनमध्ये जो करार केला, त्यामागील दडपणात शिकाऱ्यांचा मोठा भाग होता, आणि त्या व्यवस्थेत स्थानिक लोकांच्या पारंपरिक शिकारीला चोरटी शिकार ठरविण्याची बीजेही होती. आपल्याकडे रॉबर्ट स्टर्नडेल याने सातपुड्यातील सिवनीच्या रानावर १८७७ मध्ये लिहिलेले पुस्तक स्वतःच्या चित्रांनी सजविलेले आहे, आणि हाच स्टर्नडेल १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या आद्य संपादकांपैकी एक होता; डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे त्या संस्थेच्या संस्थापकांत होते. बंदूक, पेन्सिल आणि शास्त्र यांची हॅरिसच्या काळातील सांगड मुंबईत अशा रीतीने संस्थेच्या रूपाला आली. हॅरिस स्वतः ते पाहण्यास उरला नाही. १८४१ ते १८४३ या काळात त्याने इथिओपियातील शेवा राज्याकडे गेलेल्या इंग्रज शिष्टमंडळाचे नेतृत्व केले, त्यासाठी त्याला सर ही पदवी मिळाली, आणि मुंबई इलाख्यात परतल्यानंतर ऑक्टोबर १८४८ मध्ये पुण्याजवळ तापाने त्याचा अंत झाला. त्या वेळी तो केवळ एकेचाळीस वर्षांचा होता.

हॅरिसच्या चित्रांची उपयुक्तता सर्वांत ठळकपणे दिसते ती क्वागाच्या बाबतीत. क्वागा हा झेब्र्याचाच एक प्रकार. त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि अंगाच्या पुढच्या भागावर पट्टे असत, मागचा भाग साधा तपकिरी आणि पाय पांढुरके असत. हॅरिसने व्हालच्या दक्षिणेकडील मैदानांवर त्याचे मोठे कळप पाहिले, काळे वाइल्डबीस्ट आणि शहामृग यांच्या संगतीत चरणारे. त्याच्या कातड्यांच्या धान्याच्या गोण्या होत, मांस शेतमजुरांना घातले जाई. शेवटचा ज्ञात क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला, मुंबईतील उपरोक्त संस्था स्थापन होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. त्याची मोजकी कातडी जगातील संग्रहालयांत उरली आहेत, आणि जिवंतपणी घेतलेली जी काही छायाचित्रे आहेत ती सर्व लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एकाच मादीची आहेत. १९८४ मध्ये जतन केलेल्या कातड्यातील वाळलेल्या ऊतींमधून क्वागाचा डीएनए मिळविण्यात आला. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचण्याचा तो पहिला यशस्वी प्रयत्न होता, आणि त्यातून क्वागाचे मैदानी झेब्र्याशी असलेले निकटचे नाते सिद्ध झाले. त्याच आधारावर राइनहोल्ड राऊ यांनी १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत निवडक प्रजननाचा, म्हणजे कमी पट्ट्यांचे झेब्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यांच्यापासून संतती वाढविण्याचा, प्रकल्प सुरू केला, आणि पुढील पिढ्यांत मागच्या अंगावरचे पट्टे खरोखरच विरळ होत गेले.

अशा प्रकल्पाला रंग आणि पट्टे यांचा पडताळा कातड्यांवरून घेता येतो. परंतु हा प्राणी कळपात कसा उभा राही, पळताना कसा वळे, कोणत्या गवतात आणि कोणाच्या शेजारी चरे, याविषयी कातडे काही सांगत नाही, आणि पिंजऱ्यातील छायाचित्रही सांगत नाही. मोकळ्या माळावरच्या क्वागाची प्रत्यक्षदर्शी चित्रे फार थोडी आहेत, आणि त्यांत हॅरिसच्या फलकाचे स्थान अग्रभागी आहे. त्या फलकातील पुढचा प्राणी कसा मिळाला असावा हे वर आलेच आहे. त्याच्या मागे दूरवर पसरलेला कळप मात्र शिकाऱ्याने जिवंत पाहिलेला आहे, आणि प्रस्तुत ग्रंथातील पुढील प्रकरणांत प्रत्येक चित्रफलकाचे वाचन या मागच्या भागापासून सुरू केले आहे.